इम्रानने उबवायला ठेवलेली अंडी

त्या हिवाळ्यात आमचं सेक्शन, म्हणजे छोटी तुकडी, सीमेवरच्या एका पोस्टवर होतं. लान्स नाईक इम्रान माझा बडी, म्हणजे ड्यूटीतला जोडीदार. दोघंही पुण्याजवळच्या भोसरीचे. त्याच्या वडिलांचं ट्रकचं गॅरेज, माझे वडील वर्कशॉपमध्ये हेल्पर. नंतर गुडघा खराब झाला म्हणून मला फौजेतून घरी पाठवलं. सध्या निगडीला बी.ए. करतोय. घरात कॉलेजचं तोंड बघणारा मीच पहिला, त्यामुळे लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

सुट्टी संपवून येताना इम्रान घरी बदकाची अंडी उबवायला ठेवून आला होता. मशीन नव्हतं. थर्माकोलचं खोकं, आत बल्ब आणि वाटीभर पाणी. अंडी फिरवायचं काम अम्मींकडे. पोस्टच्या मागे रेंज यायची, तिथून तो रोज विचारायचा, "अम्मी, अंडे पलटाये क्या?"

आमच्या हवालदारांना आम्ही उस्ताद म्हणायचो. ते त्याला चिडवायचे. "पोरगं होईल तेव्हा तरी एवढी चौकशी करशील का?"

"उस्ताद, पोरगं आईच्या पोटात असतं. तिथं लाइट जात नाही."

गुरुवारी त्याला जास्त काळजी. आमच्या भोसरीत कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, त्यामुळे दुरुस्तीसाठी लाइटही त्याच दिवशी घालवतात.

बुधवारी सकाळी समोरून मॉर्टरचा मारा सुरू झाला. पहिला गोळा तारेपलीकडे पडला. दुसऱ्याने पाण्याची टाकी उडवली. "आड लो," उस्ताद ओरडले. इम्रान बंकरमध्ये शिरला. तिसरा बंकरच्या तोंडाशी फुटला आणि छत खाली आलं.

माती उपसली तेव्हा इम्रान भिंतीला टेकून होता. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. पोट फाटलं होतं. मी फील्ड ड्रेसिंग दाबलं, ते लगेच भिजलं. दुसरं दाबताना माझा हात मनगटापर्यंत आत गेला. हे लिहावं की नाही कळत नव्हतं, पण तसं झालं. तो किंचाळत होता.

उस्तादांनी वायरलेस उचलला. "ब्राव्हो, वन कॅज्युअल्टी, सीरियस. ओव्हर."

पलीकडून उत्तर आलं, "वेट करो. फायर रुकने दो."

मग इम्रानचा आवाज बसला. "उद्या गुरुवार ना?"

"हो."

"अब्बांना सांग, ट्रकची बॅटरी लावा म्हणावं."

फायर थांबायच्या आत तो गेला. उस्ताद एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर होते. "मॅगझीन भर," ते म्हणाले. मी भरलं. रक्ताने राउंड बोटांतून निसटत होते.

शवपेटीबरोबर एस्कॉर्ट म्हणून मलाच पाठवलं. विमानाने पुण्याला आणि गुरुवारी दुपारी भोसरीत पोचलो. घरात लाइट नव्हती. अब्बांना निरोप सांगितला. ते गॅरेजमध्ये गेले, बॅटरी आणली आणि इंडिकेटरचे बल्ब खोक्यात जोडायला बसले. जनाजा उचलायला आलेले लोक खोळंबले.

"चाचा, आत्ता हे?" कुणीतरी म्हणालं.

"त्याचं काम आहे. होऊ दे."

चार दिवसांनी दोन पिल्लं निघाली. बाकीची आतच मेली होती.

त्या दिवशी अम्मींनी मला विचारलं, तो शेवटी काय बोलला. मी बॅटरीचं सांगितलं.

"मला हाक मारली?"

"नाही."

"म्हणजे फार दुखलं नसेल. लहानपणापासून जरा खरचटलं तरी अम्मी म्हणून ओरडायचा."

मी हो म्हणून मान हलवली.