भिंगाखालची काच

लेझर मशीनवरच्या मामांना कारखान्यात सगळे पाठीमागे 'दुर्बीण' म्हणत. हा माणूस ताक सोडा, पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. घराला कुलूप लावलं की स्वतः ओढून बघायचा, आणि मग बायकोलाही ओढायला लावायचा.

कामात मात्र मामांचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्रकाशाचा झोत भिंगातून सुईच्या टोकाएवढ्या जागी एकवटतो, तिथला पत्रा वितळतो आणि नळीतून जोरात सोडलेला वायू तो रस खाली उडवून लावतो. रुग्णालयाच्या खाटा असोत की लिफ्टची दारं, मामांनी कापलेल्या पत्र्याला कानस लावावी लागत नसे.

मग मालकांनी सकाळच्या पाळीला मामांच्या जावयालाच मशीनवर घेतलं आणि मामांच्या मनात पाल चुकचुकली. पोरगं बरं दिसतं, पण दिसण्यावर काय जातं! दुपारी आपली पाळी सुरू झाली की ते आधी भिंगाखालची संरक्षक काच बाहेर काढत, जावयाने काही बिघडवलंय का ते उजेडात धरून बघत, रुमालाने पुसत आणि परत बसवत.

थोड्याच दिवसांत कडा खरबरीत निघू लागल्या. खालच्या बाजूला लोखंडाचे दाणे चिकटू लागले.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" मामा मालकांना म्हणाले. "जावई असला म्हणून काय झालं? आधी त्याला मशीनवरून उठवा."

मालकांनी जावयाला पत्रे उचलायला लावलं. लेक बापाशी बोलेनाशी झाली. मामांना वाईट वाटलं, पण हेका काही सुटला नाही.

दाणेही सुटले नाहीत. शेवटी बाहेरून मेकॅनिक बोलावला. त्याने काच काढली, तर तिच्यावर जळके ठिपके.

"कचरा बसला की काच तिथेच तापते, झोत विस्कटतो. मग पत्रा नीट कापणार कसा?" तो म्हणाला. "ही अशी धुळीत कोण उघडतं? रुमालाचे धागेसुद्धा चिकटलेत!"

जावई पत्र्याचं टोक धरून बाजूलाच उभा होता.

"मीच," मामा म्हणाले. "रोज." ते जावयाकडे वळले. "जावईबापू, चुकलं माझं. उद्यापासून तुम्ही मशीनवर या."

"नको, मामा. मी परत तिथे बसलो, की तुम्ही परत काच काढणार."

मामा 'नाही' म्हणायला गेले, पण त्यांचा हात आधीच खिशातल्या रुमालाकडे गेला होता.