एका विहिरीची तीन नावं

सांडूमामा ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचे. शेंद्र्याच्या कारखान्यांपलीकडचं ते गाव. नव्या कारखान्याच्या परवानगीसाठी पाण्याचे नमुने घ्यायला कुठलंही पथक आलं, की वाट दाखवायला मामाच. माणूस इतका भिडस्त, की कुणाचं मन मोडायची वेळ आली तर आधी यांचाच घसा कोरडा पडायचा.

गावात रामकिसन आणि काकासाहेब या सख्ख्या भावांची एक सामाईक विहीर आहे. दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पहिल्या कारखान्याचं पथक रामकिसनच्या शेतातून आलं. विहिरीचं नाव विचारल्यावर मामा म्हणाले, रामकिसनची. दुसऱ्याचं काकासाहेबांच्या बांधावरून आलं, तेव्हा ती काकासाहेबांची झाली. तिसऱ्या वेळी दोघेही समोर उभे. मामांनी सांगून टाकलं, चिंचेखालची विहीर.

तिन्ही अहवाल गुळगुळीत कागदावर. तिन्हींत तेच वाक्य: आमच्यामुळे पाण्यातल्या प्रदूषणात किंचित भर पडेल, पण मर्यादेत. दुसऱ्याचा अहवाल मागून बघावा, असं एकाही शहाण्याला वाटलं नाही. कागदावर विहिरी तीन, मग बेरीज कोण करणार?

ती बेरीज यंदा माझ्याकडे आली. मी मंजुषा, शहरातल्या एका छोट्या संस्थेत असले जुने अहवाल जुळवते. नकाशावर तीन ठिपके एकाच जागी पडले. तिघांची भर एकत्र धरली तर पाणी कधीच मर्यादेबाहेर गेलं होतं. हे तेव्हाच कळलं असतं, तर विहीर बंद करून तिथल्या वस्तीवरही नळ आले असते. तरी वाटलं, माझंच काही चुकलं असेल. खात्री करायला त्या गावाला गेले.

"मामा, या तीन विहिरी दाखवता का?"

"तीन कुठल्या? एकच हाय की," मामा म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांच्या ध्यानात आलं.

त्यांची बायको कडूबाई लग्न होऊन त्या वस्तीवर आल्यापासून त्याच विहिरीचं पाणी प्यायली. आधीची भावंडं गेलेली, ही तरी जगावी म्हणून आईबापानं नाव कडू ठेवलेलं. दोन्ही किडन्या गेल्या. वर्षभर डायलिसिसला एसटी धरून शहरात यायची. गेल्या पोळ्याला ती गेली.

"ताई, माझ्या भिडेपायी गेली का ती?"

"डॉक्टरांनी पाण्याचं नाव कुठंही लिहिलेलं नाही, मामा." हे खरं होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मला तिथून उठून पळावंसं वाटलं. राग त्या पथकांचा येत होता आणि समोर रडत होता हा माणूस.

बऱ्याच वेळानं त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. विहीर बंद करून नळ मागायचा अर्ज मी सोबत आणला होता, त्यावर विहिरीच्या नावाचा रकाना मोकळा होता.

"लिवा," ते म्हणाले, "कडूबाईची विहीर. आता नाय कुनाची भीड."

पेन कागदावर टेकलं. चौथं नाव लिहिलं, तर ती कागदावर चौथी विहीर झाली असती. मी त्या जमिनीचा गट नंबर लिहिला, तो कुणासाठी बदलत नाही. मामांना वाचता येत नाही. त्यांनी त्या आकड्यांवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "बरं झालं, तिचं नाव लागलं."