कानकाकांचा डावा तळहात

गॅस भरण्याच्या कारखान्यात त्यांना सगळे कानकाका म्हणत. रिकामं होऊन परत आलेलं प्रत्येक सिलिंडर भरण्याआधी त्यांच्यासमोर उभं राही. काका हातोडीचा हलका ठोका देत आणि "पास" किंवा "बाद" म्हणून मोकळे होत. धड सिलिंडर घंटेसारखं घुमतं, आतून गंजलेलं बद्द वाजतं. तीस वर्षांत त्यांनी पास केलेलं एकही सिलिंडर भरताना फुटलं नव्हतं.

आणि गेली आठ वर्षं त्यांना धड ऐकू येत नव्हतं.

हे ठाऊक होतं फक्त लेकीला आणि त्याच कारखान्यात सिलिंडर भरणाऱ्या जावयाला. कंप्रेसरच्या धडधडीत तिथे सगळेच हातवारे करून बोलत, म्हणून निभावलं. दरवर्षीच्या कानांच्या तपासणीत नर्सचं बोट बटणावर दबलं की काका हात वर करीत. ठोका देताना डावा तळहात सिलिंडरच्या खांद्यावर टेकवायची सवय मात्र जुनी होती, ते डगमगू नये म्हणून. कान विझत गेला, तसा हात ऐकायला शिकला. थरथर कुठे तुटते, ते हाताला आधी कळे.

निवृत्तीला चौदा महिने उरले असताना एक इंजिनीअर मुलगी आली. काकांचं कसब यंत्राला शिकवायचं होतं. तिने माईक टांगला. तीन महिने काका ठोकत राहिले, ती "पास", "बाद" टिपत राहिली. चार हजार सिलिंडर झाली. यंत्र तयार झालं की काकांनी त्याच्या शेजारी उभं राहून उरलेले महिने काढायचे, असं ठरलं होतं.

"काका, यंत्र छान शिकलंय," ती एकदा ओठ नीट हलवत म्हणाली. सगळ्यांशी ती तशीच बोले, म्हणून तिचं बोलणं काकांना कळे. "फक्त तीनशे सिलिंडरांचं काही जुळत नाही. आवाज अगदी चांगला, आणि तुम्ही बाद म्हणालात."

"बादच आहेत ती."

"कशावरून?"

काकांनी हातोडी पुसली. "वाटतं तसं."

"वाटण्याला मी काय करू? ती तीनशे तुमच्या चुका धरून काढून टाकते. थकलात की होतं कुणाचंही."

घरी काकांनी जेवता जेवता हे सांगितलं. जावई हसला. "मामा, तुमच्या चुका माझ्याच पुढ्यात येणार की मग. मीच भरतो ना ती सिलिंडर."

काका ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी ते मॅनेजरच्या खोलीत गेले, इंजिनीअर मुलीलाही बोलावून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. कान नाही, हात. त्या तीनशेंचा आवाज चांगलाच येतो, पण थरथर अर्ध्यातच मरते. माईक काढा आणि सिलिंडरच्या अंगाला लागेल असं काहीतरी बसवा.

मुलगी खुर्चीच्या कडेला सरकली. "लावता येईल, सर. फक्त पुन्हा सगळं—"

मॅनेजरने तिला हाताने थांबवलं आणि समोरच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कागद काकांकडे फिरवला. आठ वर्षं बहिरा माणूस तपासणीवर होता, हे तुम्हाला कळतंय का?

काकांना कळत होतं.

त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं. त्यांच्या चार हजार नोंदी रद्द झाल्या. बहिऱ्याने सांगितलेलं पास-बाद कुठल्याच तपासनिसापुढे टिकलं नसतं. दुसऱ्या पाळीतल्या माणसाला माईकखाली उभं केलं. त्याचे कान तरुण, खणखणीत होते. जे घुमलं ते त्याने पास केलं. महिन्याभरात यंत्राचं आणि त्याचं असं जुळलं की एकाही सिलिंडरवरून वाद उरला नाही. मुलीची बदली झाली.

लेक चार दिवसांनी ताट वाढताना त्यांच्यासमोर बसून, त्यांना दिसेल अशी बोलली. "गप्प बसला असता, तर निदान वर्षभर तुमचा हात तरी राहिला असता तिथे. गंजलेली बाजूला काढली असती. आता कोण काढणार?"

"मला वाटलं, ऐकतील."

"वाटलं," ती म्हणाली, आणि पाणी आणायला उठली.

काकांनी जावयाला शिकवून पाहिलं. अंगणात जुनं रिकामं सिलिंडर उभं केलं, जावयाचा तळहात त्याच्या खांद्यावर टेकवला आणि ठोका दिला. जावई भुवया आवळून उभा राहिला.

"लागतंय का काही?"

"गार लागतंय, मामा." मग काकांचा चेहरा पाहून त्याने बोटांनी खूण केली: भरताना जाड हातमोजे असतात, काढता येत नाहीत.

कारखाना घरापासून दोन गल्ल्यांवर होता. सकाळी जावई कामाला निघाला, की काका ओट्यावर येऊन बसत. एकदा लेक कपडे वाळत घालत होती, तिला त्यांनी जवळ बोलावलं.

"तिकडे काही झालं, मोठा आवाज झाला," त्यांनी विचारलं, "तर तेवढा मला ऐकू येईल का गं?"

लेकीने हातातला शर्ट झटकला. तो जावयाचा होता. दोरीवर नीट ताणून तिने त्याला चिमटे लावले, एक इकडे, एक तिकडे, आणि आत निघून गेली.