आबांनी धरायची शिडी

"ए पोरी, हात काढ! अडचण हाय न्हवं तुझी?"

खंडेनवमीची सकाळ होती. अग्निशमन केंद्राच्या पटांगणात गाड्या धुऊन उभ्या, कुऱ्हाडी, हेल्मेटं मांडलेली. मधे लांब शिडी. तिची एकेक पायरी मीच घासली होती. मी नवी भरती, केंद्रातली एकटी बाई. शिडीला हार घालायला गेले आणि आबा ओरडले. आबा म्हणजे आमचे लीडिंग फायरमन. केंद्रात बायकांसाठी बाथरूम नव्हतं. सकाळपासून दोनदा मी समोरच्या दवाखान्यात जाऊन आले, ते त्यांनी हेरलं होतं. सगळ्या पोरांसमोर विचारलं. कुणी खाली बघितलं, कुणी फिदीफिदी हसलं.

"जा, गेटाभाईर उभी ऱ्हा."

मी गेले. गेले, हेच आजही डाचतं. अंगात युनिफॉर्म, पायांत बूट, आणि रस्त्यावर उभी. येणारे-जाणारे बघत होते. आत आरती झाली, प्रसाद वाटला. माझ्यापर्यंत आला नाही. मुरगूडला आमच्या घरात आईनं मला पाळीत कधी बाजूला बसवलं नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. मार्केट यार्डात गुळाच्या गोदामाला आग. गाडी गेटातून वळताना हळू झाली, मी चढले.

"उतर खाली!" आबा ओरडले.

"न्हाय उतरत. आगीला सांगा जावा माझी अडचण."

थांबायला वेळ कुणाला होता? गोदामाला शिडी लागली तेव्हा वर मीच गेले. जळक्या गुळाचा वास, डोळ्यांत धूर, ओटीपोटात कळ. खाली शिडी धरून आबा उभे.

परत आल्यावर त्यांनी माझ्यादेखत त्या शिडीवर गोमूत्र शिंपडलं.

तिथंच ठरवलं. बदली मागायची नाही. रडायचं नाही. या माणसाच्या वर जायचं.

परीक्षा दिल्या. लीडिंग झाले, सब ऑफिसर झाले. दर वेळी मागून कुणीतरी म्हणालंच, "बाईमाणूस, सायबाला हसून दावलं की झालं." कुरुंदवाडच्या पुरात मी बोट घेऊन शिरले तेव्हा हे शहाणे कुठं होते? लोक म्हणतात, राग बरा नव्हे. मला तर तो जन्माला पुरला.

आज त्याच केंद्राची मी स्टेशन ऑफिसर. आल्याबरोबर आधी बायकांचं बाथरूम बांधून घेतलं. आबा माझ्या हाताखाली, रिटायरमेंटला आलेले. उद्या पूजेला शिडी त्यांनी धरायची, असं मी सकाळीच फळ्यावर लिहिलं. मघाशी केबिनमध्ये आले, टोपी हातात.

"मॅडम, झालं गेलं सोडा की. उद्या पूजा हाय. म्हातारपणी माझी शोभा नका करू."

"न्हाय सोडत, आबा."

उद्या खंडेनवमी. माझी पाळी आजच आलीय. हे मी उद्या पटांगणात मोठ्यानं सांगणार आहे. दोन नव्या पोरी भरती झाल्यात, त्यांनी ऐकलंच पाहिजे. शिडीला हार मी घालणार. मग ती उभी करायची आणि खाली आबांनी धरायची, दोन्ही हातांनी. मी बूट घालून शेवटच्या पायरीपर्यंत चढणार, माझ्या मागून त्या दोघी. आम्ही तिघी उतरेपर्यंत त्यांनी हात काढायचा नाही.