भिंतीतले बोळे

घरामागच्या डोंगराला धरून ठेवणाऱ्या भिंतीत पाणी जायला चार पाइप आहेत. अंगणात चिखल येतो म्हणून मी मोठ्या हुशारीने चारही पाइपांत चिंध्यांचे बोळे कोंबले होते. आज पाहणीला आलेल्या भूगर्भशास्त्राच्या बाई हादरल्याच.

"काका, पाणी आत तुंबलं तर भिंतीसकट डोंगर घरात येईल!"

"येऊ दे. यांचं अंगण तरी स्वच्छ राहील," बायको म्हणाली.

तीन बोळे निघाले, चौथा आत रुतून बसला. बाईंच्या सांगण्यावरून आम्ही घर सोडून समोर शेजाऱ्यांच्या ओसरीवर आलो. इथून घराच्या कडेने भिंत तिरपी दिसते. पाऊस वाढतोय. तीन पाइपांतून धो धो पडणाऱ्या पाण्याची मला भीती वाटत नाही. जे दिसत नाही, आत साठत राहतं, त्याचीच वाटते. माणसांचंही असंच असावं.

"भिंत जरा फुगलीय का गं?" मी विचारलं.

बायकोने टोमणा मारला नाही. नुसता माझा हात घट्ट धरला.