पिवळी की लाल

माझी मुलगी नेहा संगणकासाठी नवी प्रोग्रामिंग भाषा तयार करते आहे. काल तिच्या पडद्यावर एका शब्दाखाली पिवळी रेघ दिसली. प्रोग्राममध्ये एका गोष्टीला नाव दिलं होतं, पण ते पुढे कुठेच वापरलं नव्हतं.

"चूक आहे ना? मग लाल कर," मी म्हणालो.

"लाल केली की प्रोग्राम चालतच नाही, बाबा. पिवळी नुसतं लक्षात आणून देते. तुमच्या हातात दिलं तर सगळंच लाल कराल, मग माझी भाषा वापरणार कोण?"

खोटं नव्हतं. फरशीच्या धंद्यात एका फरशीचा टवका उडाला म्हणून मी अख्खी पेटी परत पाठवली आहे. त्या हट्टावरच तर उभा राहिलो. पण पुतणीच्या लग्नपत्रिकेत धाकट्या भावानं माझं नाव छापलं नाही, तेव्हापासून सहा वर्षं मी त्याच्या घरचं पाणी प्यायलो नाही. चूक त्याचीच होती, आजही म्हणेन. रेघेचा रंग मात्र मी ठरवला होता.

आता त्याच भावाच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका चार दिवस टेबलावर न उघडता पडली होती. मी ती उघडली. निमंत्रकांची नावं ओलांडून आधी तारीख पाहिली.