नाहूरभोवतीचं वर्तुळ

नाहूर स्टेशनजवळच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात मास मीडिया शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका यायच्या. अणुबॉम्बच्या बातम्यांवर त्यांचं संशोधन चाललं होतं, पण स्टेपलरचा खटका वाजला तरी बाई दचकायच्या.

एकदा टीव्हीवर शत्रूच्या शहराभोवती वर्तुळ काढून आपल्या अणुबॉम्बनं किती भाग खाक होईल ते दाखवत होते. मी खुशीत म्हणालो, "झकास ना, मॅडम?"

त्यांनी चष्मा वर सरकवला. "बॉम्ब त्यांच्याकडेही आहे. मग आपलं वर्तुळ का नाही दाखवत? त्यात नाहूर येईल ना हो?"

पलीकडच्याच गल्लीत माझ्या मुलीची शाळा आहे. मी टीव्ही बंद केला.

"अहो, चालू राहू द्या," त्या वही काढत म्हणाल्या. "निवेदक किती वेळा हसतो, ते मोजायचंय मला."